सायकलचा स्टँड, पाइपचे तुकडे आणि आपल्या गावातली दुरुस्ती

आज जरा लांबलचक लिहितोय. सवडीने वाचा.

विषय साधा आहे, सायकल दुरुस्त करायचा स्टँड. माझ्या घराच्या पडवीत सध्या प्लॅस्टिकच्या पाइपचा एक सांगाडा उभा आहे. येणारा-जाणारा विचारतो, "कपडे वाळत घालायला केलंय का?" तो सायकलचा स्टँड आहे आणि घरीच केलाय. कसा केला ते पुढे सांगतोच. पण तो करताना एक प्रश्न डोक्यात बसला. आपल्या लहानपणी असा स्टँड कुणाच्या घरी नव्हता. सायकलच्या दुकानातसुद्धा नव्हता. तरी गावातली प्रत्येक सायकल गावातच दुरुस्त व्हायची. मग आज तो का लागतोय?

उत्तर शोधायला आपल्या पनवेलपासूनच सुरुवात करू.

रेल्वे यायच्या आधी मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस होडीने पनवेल बंदरात उतरायचा आणि पुढे रस्त्याने जायचा. बोरघाटातून गाडी जाईल असा रस्ता १८३० साली झाला आणि देशावरच्या बैलगाड्या पनवेलला येऊ लागल्या. गाव वाढलं, १८५२ साली इथे नगरपालिका आली. इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरमध्ये पनवेलचा मुख्य उद्योग काय दिलाय, माहितीये? गाडीची चाकं बनवणं. देशावरून आलेली जवळजवळ प्रत्येक गाडी परत जाताना इथून चाकांची एक जोडी घेऊन जायची.

यात एक साधं व्यवहारज्ञान आहे. चाक घाटात झिजतं, म्हणून चाकाचा कारागीर घाटाच्या अलीकडे रस्त्यावर बसतो. दुरुस्ती ही गिऱ्हाइकाच्या वाटेवरच लागते. ती शोधत फार लांब जावं लागलं, तर माणूस दुरुस्त करायचं सोडून देतो आणि गाडी तशीच खडखडत चालवतो, नाहीतर टाकून देतो. नावडे, तळोजा, कळंबोली हा सगळा पट्टा त्याच पनवेलच्या आसऱ्याने वाढला. तेव्हा आपण चाकवाल्यांच्या शेजारचे, हे विसरायला नको.

आता सायकलकडे येऊ.

मराठी माणसाच्या सायकल-दुरुस्तीच्या इतिहासात पहिलं मोठं नाव लक्ष्मणराव किर्लोस्करांचं. लोक त्यांना नांगरासाठी आणि पंपासाठी ओळखतात. पण सुरुवात सायकलच्या दुकानाने झाली. लक्ष्मणराव मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिक्षक होते. ते मुंबईहून सायकली पाठवायचे आणि बेळगावात त्यांचे भाऊ रामूअण्णा त्या विकायचे. १८८८ साली सुरू झालेल्या या धंद्याचं नाव 'किर्लोस्कर ब्रदर्स'. तेव्हा एक सायकल सातशे ते हजार रुपयांना मिळायची आणि चालवायला शिकवायचे पंधरा रुपये पडायचे. म्हणजे सायकल ही साहेबाची, सरदाराची नाहीतर बड्या वकिलाची चीज. पुढे बढतीत डावललं गेलं म्हणून लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं.

सायकल विकली, की तिची दुरुस्ती आली. दुरुस्ती आली, की पाने, हत्यारं आणि लोखंडाशी झटापट आली. त्याच दुकानाच्या बाजूने आधी कडबा कापायचं यंत्र आलं, मग १९०३ साली लोखंडी नांगर. आणि मग काय झालं? बेळगाव नगरपालिकेला शहर वाढवायचं होतं, म्हणून कारखान्याला जागा सोडायला सांगितलं. अख्खा संसार उचलायची वेळ आली. तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर माळरानाची जमीन दिली आणि १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. एका पालिकेला जी जागा अडत होती, ती दुसऱ्या एका राजाने दिली. त्यातून महाराष्ट्राचा यंत्र-उद्योग उभा राहिला. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

स्वातंत्र्याआधी आपल्याकडे सायकली आल्या त्या बहुतेक इंग्लंडहून. रॅले, हर्क्युलिस, फिलिप्स, बीएसए, हंबर. वरळीला बिर्लांची हिंद सायकल होती. स्वातंत्र्यानंतर मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय, बंगालात आसनसोलला सेन-रॅले, सोनीपतला ॲटलस आणि १९५६ साली लुधियान्याला हिरो. १९८६ साली हिरोचं नाव जगात सर्वांत जास्त सायकली बनवणारी कंपनी म्हणून गिनीज बुकात गेलं. हजार रुपयांची साहेबी चीज शंभर वर्षांत दूधवाल्याची, पोस्टमनची, गिरणी कामगाराची आणि शाळेतल्या मास्तरांची झाली.

ही जी काळी, उंच, २८ इंची चाकाची सायकल होती, तिच्याकडे आज पुन्हा नीट बघा. मागच्या चाकाला लोखंडी दुपायी स्टँड असायचा. सायकल मागे खेचायची, स्टँडवर पाय द्यायचा, की मागचं चाक जमिनीपासून वर. पेडल फिरवा, चेन फिरते. ब्रेक दाबा, रबर कुठे घासतंय ते दिसतं. चाकाचा आउट बघा. फ्रीव्हीलमध्ये तेल सोडा. पंक्चर काढायला चाक काढायचीसुद्धा गरज नाही. टायर एका बाजूने उचकटायचा, ट्यूब ओढून घमेल्यातल्या पाण्यात फिरवायची, बुडबुडे दिसले की खूण करायची. पुढच्या चाकाचं काम असेल तर सायकल उलटी, सीट आणि हँडलवर उभी.

म्हणजे माझ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. दुरुस्तीचा स्टँड दुकानात नव्हता, कारण तो सायकललाच लावलेला होता. गिऱ्हाईक सायकल आणतानाच दुरुस्तीचं टेबल सोबत घेऊन यायचं! सायकलवाल्याला लागायचा एक पंप, एक घमेलं, पाना-पकड, सोल्युशनची ट्यूब आणि झाडाची सावली. एवढ्या भांडवलावर महाराष्ट्रातल्या गावोगावच्या फाट्यावर एक घर चालायचं. तीच सायकल तासाच्या भाड्याने मिळायची आणि आपल्यातले निम्मे लोक त्या भाड्याच्या सायकलवर गुडघे फोडून शिकलेत.

फक्त एकाची अडचण कुणी विचारली नाही. त्या कारागिराच्या पाठीची. स्टँडने चाक जमिनीपासून चार बोटं उचललं जातं, माणूस तर उकिडवाच बसतो. आमच्या फाट्यावरचे सायकलवाले काका म्हणायचे, "पत्रकार, सायकल सरळ होते, माझी पाठ नाय होत." चाळीस वर्षं उकिडवं बसलेल्या माणसाचं ते म्हणणं होतं.

हीच पाठदुखी सातासमुद्रापार दुसऱ्या दोघांना झाली होती. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉल गावात हॉवर्ड हॉकिन्स आणि आर्ट एंगस्ट्रॉम या भागीदारांचं छोटं दुरुस्तीचं दुकान होतं. वाकून आणि गुडघे टेकून काम करायला कंटाळले, म्हणून त्यांनी १९६३ साली हाताशी असलेल्या सामानातून एक उंच स्टँड उभा केला. सायकल छातीच्या उंचीला अडकवायची आणि उभं राहून काम करायचं. श्विन या तिथल्या मोठ्या सायकल कंपनीला तो आवडला, तिने आपल्या दुकानांसाठी मागवला, आणि त्यातून 'पार्क टूल' ही कंपनी वाढली. आज जगभरच्या सायकल दुकानांत त्यांची निळ्या रंगाची हत्यारं दिसतात. म्हणजे ज्याला आज आपण महागडा परदेशी स्टँड म्हणतो, त्याचा मूळ पुरुषसुद्धा जुगाडच होता.

मग आपल्याकडे बिघडलं कुठे?

सायकल बदलली. मुलांना गिअरची, जाड टायरची, डिस्क ब्रेकची सायकल हवी असते. तिला दुपायी स्टँड नसतो. एका बाजूची काडी असते, नाहीतर तीही नसते. मागचं चाक उचलायची सोय गेली. आणि गिअर लावायचा तर मागचं चाक हवेत पाहिजे, एका हाताने पेडल फिरवत दुसऱ्या हाताने केबल आवळत-सोडत चेन कुठल्या दात्यावर चढते ते बघावं लागतं. उलटी उभी करावी तर हँडलवरचे गिअरचे खटके जमिनीवर घासतात. ब्रेक तेलाचा असेल तर उलटं केल्यावर आतली हवा नळीत शिरू शकते आणि ब्रेक भुसभुशीत होतो. झाडाखालच्या काकांचं घमेलं, पकड आणि चाळीस वर्षांचा अनुभव इथे अडतो. हात येतो, पण सायकल धरायला तिसरा हात लागतो.

मग काय होतं, ते नावडे वसाहतीतल्या कुठल्याही इमारतीच्या जिन्याखाली जाऊन बघा. धूळ खात पडलेल्या सायकली. कुणाची चेन उतरलेली, कुणाचा गिअर अडकलेला, कुणाचा ब्रेक घासतोय. दोन-अडीचशे रुपयांचं काम, पण ते करणारं वाटेवर कुणी नाही. शोरूमपर्यंत न्यायची तर टेम्पोचं भाडं सायकलच्या कामापेक्षा जास्त.

म्हणून मी पाइप उचलला.

पाइपचाही इतिहास थोडक्यात सांगतो. पीव्हीसी हे प्लॅस्टिक एकोणिसाव्या शतकातच प्रयोगशाळेत दिसलं होतं, पण कामाला लागेना. १९२६ साली अमेरिकेत वाल्डो सेमन या रसायनतज्ज्ञाने ते वळवता येईल असं केलं. कडक पीव्हीसीचे पाण्याचे पाइप १९३० च्या दशकात जर्मनीत घातले गेले. आपल्या महाराष्ट्रात ते घरोघर नेलं शेतीने. जळगावची जैन इरिगेशन, पुण्याची फिनोलेक्स ही नावं शेतकऱ्याला तोंडपाठ आहेत. फिनोलेक्सचा रत्नागिरीचा पीव्हीसीचा कारखाना १९९४ साली सुरू झाला. लोखंडी पाइप कोकणातल्या खाऱ्या हवेत गंजतो, हा गंजत नाही. वजनाला हलका, हॅक्सॉने कापता येतो, जोडायला वेल्डर लागत नाही. आणि नावड्यात तर काय, चहूकडे इमारती चढतायत. प्लंबरकडे फूट-दोन फुटांचे तुकडे पडलेलेच असतात.

आता माझा स्टँड. ज्यांना करायचाय त्यांच्यासाठी सविस्तर.

सामान: दीड इंची जाड भिंतीचा पाइप, त्याच मापाचे चार टी, दोन एल्बो, दोन एंड कॅप. शिवाय एक इंची पाइपचा अडीच फुटी तुकडा आणि त्यात घट्ट बसेल असा बांबू. पाइप जोडायचं सोल्युशन. (पंक्चरचं सोल्युशन वेगळं आणि पाइपचं वेगळं बरं का, दुकानात दोन्हीला सोल्युशनच म्हणतात!) पाइप मला तुकड्यांत मिळाले. बाकी सगळं मिळून माझे चारशेच्या आत गेले.

१) आधी बैठक. जमिनीवर इंग्रजी यू आकार करायचा. दोन बाजूंना दोन-दोन फुटांचे पाय, मागे दोन एल्बो लावून आडवा पाइप, पुढची तोंडं एंड कॅपने बंद. दोन्ही पायांच्या मधोमध एकेक टी, तोंड वर. सगळं चिकटवायच्या आधी पायांमध्ये कोरडी रेती भरून घ्या. हलका स्टँड कलंडतो, रेतीने तो जागेवर बसतो.

२) त्या दोन टींमध्ये दोन खांब उभे करायचे. खांबांमधलं अंतर हँडल आत जाईल एवढं, साधारण सव्वादोन फूट. उंचीसाठी सायकल सरळ उभी करून सीटच्या पुढच्या टोकाखालची उंची मोजा आणि त्यात तीन इंच मिळवा. आडवा पाइप त्या उंचीला आला पाहिजे. खांब कापताना खालच्या-वरच्या टीचं माप वजा करायला विसरू नका.

३) खांबांच्या डोक्यावर उरलेले दोन टी. त्यांची आरपार भोकं एकमेकांसमोर हवीत. यातून बांबू भरलेला एक इंची पाइप सरकवायचा. तो चिकटवायचा नाही. जुन्या वाड्याच्या दाराला अडसर असतो ना, तसा आत-बाहेर सरकला पाहिजे.

वापरायचा कसा? सायकल खांबांच्या मध्ये आणायची, एका हाताने सीट उचलायची, दुसऱ्या हाताने अडसर सीटच्या टोकाखालून सरकवायचा आणि सीट त्यावर टेकवायची. मागचं चाक हवेत, पुढचं जमिनीवर. जुन्या ट्यूबच्या पट्टीने सीट अडसराला बांधली की हलत नाही. स्टँडवर सायकलचं साधारण निम्मंच वजन येतं, त्यामुळे पाइपला ते झेपतं. बांबू मात्र गाळू नका. नुसता पाइप मधोमध वाकतो.

आता चेन पुसा, तेल सोडा, गिअर लावा. चाकाचा आउट काढायलाही वेगळं यंत्र लागत नाही. चाक हळू फिरवा आणि रिम व ब्रेकच्या रबरामधली फट बघा. रिम उजवीकडे सरकत असेल तर त्याच जागेवरच्या डाव्या बाजूच्या तारा पाव-पाव फेरा आवळा. घाई करायची नाही, पाव फेऱ्याच्या वर जायचं नाही.

दोन काळज्या. पीव्हीसी सतत उन्हात राहिलं की ठिसूळ होतं, म्हणून स्टँड सावलीत ठेवा. आणि मोटरवाली जड सायकल किंवा लहान पोरं त्यावर चढवू नका.

हा स्टँड मी काकांना दाखवला. त्यांनी अडसर दोनदा आत-बाहेर केला, सायकल टेकवली, पेडल फिरवलं. मग स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "हा बरा हाय. पण मी ठेवू कुठं?"

आणि इथे माझा मूळ मुद्दा येतो, मित्रांनो. स्टँड चारशे रुपयांत होतो. दीड हात बाय अडीच हात जागा काही होत नाही.

सकाळच्या पाळीच्या वेळी नावडे फाट्यावर उभे राहा. तळोजा एमआयडीसीत सायकलने जाणारा कामगार आजही दिसेल. २०११ च्या जनगणनेत देशातल्या ४४.८ टक्के घरांत सायकल होती, आणि ती हौशीची सायकल नव्हती, पोटापाण्याची होती. सरकारही मानव विकास कार्यक्रमातून १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे देतं, ते उत्तमच आहे. पण सायकल मिळाल्यावर सहा महिन्यांनी तिची चेन तुटली, तर मुलीने काय करायचं? ३ जून २०२० ला, नेमक्या जागतिक सायकल दिनी, ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडल्याची बातमी आली तेव्हा सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. फाट्यावरचा पंप बंद पडतो त्याची मात्र बातमी होत नाही. एवढी वर्षं बातम्या लिहिणारा म्हणून सांगतो, ती व्हायला पाहिजे.

कायदा काय म्हणतो? २०१४ चा पथविक्रेता कायदा फक्त भाजी आणि वडापाव विकणाऱ्यांसाठी आहे, असा समज आहे. तसं नाही. रस्त्यावर बसून लोकांना सेवा देणारासुद्धा त्यात पथविक्रेता धरलाय. म्हणजे चांभार, चावीवाला, सायकलवाला, सगळे. दर पाच वर्षांनी किमान एकदा सर्वेक्षण करायचं, सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्र मिळेपर्यंत कुणाला उठवायचं नाही, आणि नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य पथविक्रेत्यांचेच असले पाहिजेत, असं कायदा सांगतो. पनवेल महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ ला झाली, आपलं नावडे तिच्यात आलं. रस्ते रुंद झाले, मेट्रो पेंधरपर्यंत आली. चांगलंच आहे. पण आराखड्यात गाड्यांच्या पार्किंगची चौकट आखताना त्यात एक छोटी चौकट सायकलवाल्याची आखायला किती खर्च येतो?

माझ्या तीन मागण्या आहेत, त्या लेखी देणार आहे.

एक, नावडे फाटा आणि नावडे रोड स्टेशन या दोन ठिकाणी दुरुस्ती करणाऱ्यांसाठी ठरलेली जागा. सावली आणि पाण्याचा नळ, बास.

दोन, सर्वेक्षणात सायकलवाल्याची नोंद. आपल्या ओळखीचा कुणी असेल, तर सर्वेक्षण होईल तेव्हा त्याला घेऊन जा. त्याला फॉर्म भरायला वेळ नसतो, कामावरून उठला तर गिऱ्हाईक जातं.

तीन, शाळांना विनंती. आठवी-नववीच्या कार्यानुभवाच्या तासाला पाइपचा एक स्टँड करून घ्या आणि मुलांना पंक्चर काढायला, चेन लावायला शिकवा. शिकवायला काकांनाच बोलवा, आणि मानधन देऊन बोलवा.

बेळगावच्या पालिकेने एका सायकल दुकानदाराला जागा सोडायला लावली तेव्हा त्याच्या मागे औंधचे राजे उभे राहिले. आपल्या काकांच्या मागे राजा नाही. ज्यांच्या सायकली त्यांनी सरळ केल्या ते आपण आहोत. अर्जावर सह्या घ्यायला मी येत्या रविवारी सकाळी दहा वाजता फाट्यावर असेन. स्टँडही सोबत आणतोय. कुणाची सायकल घासत असेल तर घेऊन या, चेनला तेल तिथेच सोडू.